तपासणी गावात, थेरपी मात्र कोल्हापुरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं पोरांना स्वतः करता यावीत म्हणून त्यांच्याकडनं सराव करून घेते. ऑटिझम असलेली, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं) असलेली, हातात काही नीट धरता न येणारी, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी अशी पोरं माझ्याकडं येतात. मागच्या मंगळवारी चंदगडकडची एक आई साडेतीन वर्षांच्या लेकाला घेऊन आली आणि जाताना म्हणाली, मॅडम आता पुढच्या महिन्यापासनं जमायचं नाही. त्या दिवसापासनं डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितेय.

तिला तरी काय बोलणार? पहाटे उठून भाकरी बांधायची, पोराला कडेवर घेऊन स्टँडवर यायचं, शंभरावर किलोमीटर एसटीनं यायचं, बायकांना 2023 पासनं अर्धं तिकीट झालंय म्हणून तेवढं तरी निभतंय, पण त्या दिवसाचा रोजगार बुडतो तो बुडतोच. त्यात या पोराला मोठा आवाज अजिबात सहन होत नाही. एसटीचा हॉर्न, सीबीएस स्टँडवरची गर्दी, रिक्षांचा आरडाओरडा, माझ्याकडं पोचेपर्यंत ते रडून रडून लाल झालेलं असतं. पाऊण तासाच्या सेशनमधली पहिली वीस मिनिटं त्याला शांत करण्यातच जातात. म्हणजे अख्ख्या दिवसाच्या हेलपाट्यात त्याच्या वाट्याला पंचवीस मिनिटं.

आणि घरी गेल्यावर सासू विचारते, तिथं नुसतं खेळवतातच ना, मग घरी खेळव की. हे मी खूप आयांकडनं ऐकलंय. तर आम्ही खेळवतो हे खरंय, पण झोपाळ्यावर बसवतो ते कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते तिला काम मिळावं म्हणून, शेंगा सोलायला लावतो ते अंगठा आणि बोट जुळावं म्हणून, तीच चिमूट पुढं शर्टाचं बटण लावायला आणि पेन्सिल धरायला लागते. पाण्याची छोटी कळशी उचलायला लावली की पुष्कळ पोरं शांत होतात, कारण सांध्यांना आणि स्नायूंना जड काम मिळतं. कुणाला झोपाळा किती वेळ, जोरात की हळू, हे पोरागणिक बदलतं, ते ठरवायलाच थेरपिस्ट लागतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात कमला निंबकरांनी 1950 साली या विषयाचं शिक्षण देशात पहिल्यांदा सुरू केलं, पण आपल्याकडं अजून ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हटलं की, ऑक्युपेशन म्हणजे नोकरी-धंदा धरून, लोक नोकरी लावून देणारी बाई समजतात.

आता मुद्द्याचं. 2013 पासनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गावात येतं, अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची अशी ती योजना आहे. योजना खरंच चांगली आहे, हे पोरगं त्या पथकातल्या डॉक्टरांनीच ओळखलं, नाहीतर बोलेल की उशिरा म्हणत अजून दोन वर्षं गेली असती. आणि ही पहिली वर्षंच तर मेंदू सगळ्यात लवकर शिकायची असतात. पण ओळखल्यावर पुढं काय, तर जिल्ह्याच्या गावाला जा. अहो थेरपी म्हणजे एकदा टोचून मोकळं व्हायची लस नाही, आठवड्याला एकदा तरी लागते, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार धरलेत, ऑटिझमही आहे, सर्टिफिकेट मिळतं, पण सर्टिफिकेट घेऊन पोराला घास उचलून खाता येत नाही.

माझी मागणी लहान आहे. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथं आठवड्यातला एक दिवस थेरपिस्ट बसवा. चंदगड, आजऱ्याच्या आयांचा निम्मा प्रवास वाचेल. मग गगनबावडा आणि शाहूवाडीकडचं बघू. पगारी जागा मंजूर व्हायला वेळ लागेल म्हणत असाल तर तोवर मानधनावर बोलवा, येणारे भेटतील, मी स्वतः महिन्यातले दोन दिवस यायला तयार आहे. रस्त्यापासनं आतल्या बाजूची, हॉर्न ऐकू न येणारी एक खोली लागेल, खाली सतरंजी, आणि झोपाळ्यासाठी छताला एक मजबूत हूक. बाकीचं साहित्य मी घेऊन येते.

आपली,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, राजारामपुरी, कोल्हापूर