किशोरांच्या पुस्तकांवर किशोरांचे मत कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, किशोरवयीन मुलांनी सुट्टीत कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, याविषयी सहा जाणत्या मंडळींची मते वाचली. यादी चांगली होती आणि तिच्यातली निम्मीअधिक पुस्तके आमच्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. मात्र ज्यांच्यासाठी ही यादी केली, त्या बारा ते सोळा वर्षे वयाचे एकही माणूस त्या सहांत नव्हते आणि हे कोणाला खटकल्याचेही दिसले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. दर शनिवारी दुपारी आठवी ते दहावीची पंधरा-वीस मुले आमच्याकडे येतात. पुस्तक परत करताना त्यांनी एका जाड वहीत चार ओळी लिहाव्यात, असा प्रघात आम्ही पाडला आहे. नाव घातलेच पाहिजे असे नाही. ‘छान’ आणि ‘आवडले’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर कोणत्या पानावर सोडले आणि का, तेवढे मात्र लिहायचे. या शेवटच्या नियमामुळे वहीला खरा रंग आला, कारण पुस्तक सोडून दिले तरी कोणी रागावत नाही हे मुलांना तोवर ठाऊकच नव्हते.

एका मुलाने रहस्यकथांविषयी लिहिले आहे की, मोबाइल लागला तर गोष्ट दहाव्या पानावरच संपेल, म्हणून लेखक आधी बॅटरी संपवतो. ‘हे तिसऱ्या पुस्तकात पुन्हा झाले तेव्हा मी वाचणे सोडले,’ असे तो म्हणतो. एका मुलीची तक्रार अशी की, पुस्तकातली मुले सुट्टीत मामाच्या गावाला कोकणात जातात, तिथे समुद्र असतो आणि तस्करही असतात. ‘माझा मामा आमच्याच गल्लीत राहतो आणि तिथे पाण्याचा टँकर येतो,’ असे तिने लिहिले. आणखी एकाने फक्त एवढेच लिहिले: ‘शेवटच्या पानावर आजोबा येतात आणि सगळे समजावून सांगतात. मला आधीच समजले होते.’ किशोर कादंबरीवरच्या चर्चासत्रांत मी बसलेली आहे, पण उपदेशाच्या आहारी गेलेल्या शेवटाविषयी इतके नेमके मत मी तिथे ऐकलेले नाही. सर्वांत बोचणारी नोंद नववीतल्या एका मुलाची आहे. आमच्यासारखे बोलणारा मुलगा पुस्तकात आला की तो एक तर गडी असतो, नाही तर हसवायला आणलेला असतो, असे त्याने लिहिले. त्यानंतर मी स्वतः कपाटातली पुस्तके काढून पाहिली. त्याचे म्हणणे सर्वच पुस्तकांना लागू नाही, पण खोटे म्हणता येईल असेही नाही.

मुले केवळ दोष काढतात, असा मात्र यातून अर्थ काढू नये. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बन्या, आजही आमच्याकडे कपाटात फार वेळ टिकत नाही. आम्हा मोठ्यांना वाटते की मुलांना त्याची साहसे आवडत असावीत. वहीत वेगळेच कारण सापडते: ‘बन्या सायकल घेऊन कुठेही जातो आणि घरचे अडवत नाहीत. मला शिकवणीलासुद्धा सोडायला येतात.’ त्याच पानावर दुसऱ्या अक्षरात खाली प्रश्न आहे की, बन्याचे फुरसुंगी म्हणजे बातम्यांत कचरा डेपो दाखवतात तेच का? त्या डेपोवर फास्टर फेणेने काय केले असते, यावर पुढचे दोन शनिवार आमच्याकडे वाद चालला.

एक नोंद मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम आटोपला की परततात. अशा एका कुटुंबातल्या मुलीने जाताना ‘श्यामची आई’ सोबत नेले होते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि तेव्हापासून ते आईच्या मायेचे व संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती दिले जाते. मीही तिला तसेच सांगून दिले होते. पाच महिन्यांनी, कव्हर निघालेल्या अवस्थेत, ते परत आले. तिने लिहिले होते की, आईचा भाग तिला ठाऊकच होता, पण सावकाराची वसुली दारात येते आणि श्यामच्या आईचा चारचौघांत अपमान होतो, तिथे तिने पुस्तक मिटले व दुसऱ्या दिवशी पुढे वाचले, कारण ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही की टोळीचा मुकादम असाच दारात येऊन बसतो. गेली कित्येक वर्षे मी या पुस्तकाची ओळख मुलांना करून देत आले आहे आणि ते कर्जाचेही पुस्तक आहे, हे मी एकदाही सांगितलेले नव्हते.

मराठीत किशोरांसाठी लिहिले जात नाही, असे नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून मराठीसह अनेक भाषांतील पुस्तकांना मिळतो. पण पुस्तक लिहिण्यापासून ते आमच्या कपाटात येईपर्यंतच्या वाटेवर लेखक, प्रकाशक, परीक्षक, शासनमान्य यादी करणारे, अनुदानातून खरेदी करणारी आमच्यासारखी वाचनालये आणि घरी पैसे मोजणारे पालक अशी सगळी मोठी माणसेच उभी असतात. वाचणारा अगदी शेवटी येतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

वास्तविक त्याला विचारल्याने कोणाचे नुकसान होत नाही. इंग्रज लेखक टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या मुलांसाठीच्या कादंबरीचे हस्तलिखित लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी ते १९३६ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिले आणि लेखी अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला. मुलाने शिफारस केली आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. (पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ते आवडेल, असे या दहा वर्षांच्या परीक्षकाचे मत होते, आपल्याहून लहानांसाठी शिफारस करण्याची खोड त्या वयातही असते.) ब्रिटनमध्ये ग्रंथपालांच्या संघटनेतर्फे मुलांच्या पुस्तकांना देण्यात येणाऱ्या कार्नेगी पदकासाठी निवडलेली पुस्तके शाळाशाळांतील मुलांचे गट वाचतात, त्यांवर आपली परीक्षणे लिहितात आणि त्यांच्या पसंतीच्या पुस्तकाला वेगळे पदकही मिळते. ग्रंथपालांचा निकाल आणि मुलांचा निकाल सारखाच लागला पाहिजे, असा तिथे कोणाचा आग्रह नसतो.

आपल्याकडे मुलांचे मत छापले जाते तेव्हा त्याचे काय होते, याचा मला अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या वहीतल्या काही नोंदी एका नियतकालिकाला पाठवल्या होत्या. एका मुलीने लिहिले होते की, नायिकेने चोरी कबूल केली ते तिला पटले नाही, कारण कबूल केल्यावर तिचे काय होणार हे लेखकाने दाखवलेच नाही. छापून आले ते असे: ‘या कादंबरीतून आपल्याला प्रामाणिकपणाची मोलाची शिकवण मिळते.’ खाली नाव तिचेच होते. शाळेत तिचे कौतुक झाले, घरी कात्रण जपून ठेवले गेले आणि त्यानंतर सात-आठ महिने तिने वहीत एक ओळ लिहिली नाही. तिने मला विचारले तेवढेच सांगते: मग तुम्ही मला कशाला विचारले होते?

मुलांच्या मतांना किती किंमत द्यायची, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. गटातला एखादा दांडगा मुलगा पुस्तकाला ‘बोअर’ म्हणाला की पुढचे तिघे तेच लिहितात. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढणारा एक पठ्ठ्याही आमच्याकडे आहे. त्याची चोरी उघडकीस आली ती ‘वाचकांना खिळवून ठेवणारी’ या शब्दांमुळे. शिवाय एखाद्या लेखकाने वर्ष घालवून लिहिलेले पुस्तक तेरा वर्षांच्या मुलीने दोन ओळींत मोडीत काढावे, हे लेखकाला लागणारच. परंतु उसने मत आणि मलपृष्ठावरून केलेले परीक्षण मोठ्यांच्या पुरवण्यांतही भेटते, आणि तिथे आपण समीक्षाच बंद करावी असे म्हणत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की, आपल्या रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा रकाना मुलांनी वाचलेल्या किशोर कादंबऱ्यांवरील त्यांच्या मतांसाठी द्यावा. शुद्धलेखन अवश्य सुधारावे, मजकूर लांबला तर कापावा. पण ‘कंटाळा आला’ हे वाक्य काढू नये आणि तात्पर्य आपल्या पदरचे घालू नये. मूल सांगेल तरच नाव छापावे. पहिल्या काही महिन्यांपुरता मजकूर आमच्या वहीतून पाठवण्यास मी तयार आहे. जिचे मत बदलून छापले गेले, त्या मुलीला मी विचारले आहे. छापण्याआधी मजकूर तिला एकदा दाखवला जाणार असेल तर तिची हरकत नाही.

आपली,
एक ग्रंथपाल, जि. बीड