उत्प्रेरक किती टिकतो, हे तपासण्याची सोय नवी मुंबईत हवी

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी राज्याचेही हरित हायड्रोजन धोरण आले. दोन्हींचा मुख्य भर हायड्रोजन तयार करण्यावर आहे, आणि तसा तो असणे स्वाभाविकही आहे. मात्र त्या हायड्रोजनपासून वीज देणाऱ्या फ्युएल सेलमधील एका अडचणीकडे आपले लक्ष वेधायचे आहे.

सेलमध्ये हायड्रोजनची अभिक्रिया झटपट उरकते. घोडे अडते ते ऑक्सिजनपाशी. ऑक्सिजनच्या रेणूतील बंध तोडून त्याचे पाणी करण्याची क्रिया इतकी मंद असते, की तिथे प्लॅटिनम या उत्प्रेरकावाचून, म्हणजे क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावाचून, अजून तरी भागत नाही, आणि प्लॅटिनमचा बहुतांश पुरवठा दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून होतो. म्हणून ते थोडक्यात पुरावे यासाठी त्याचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण कार्बनच्या भुकटीवर पसरवले जातात. ही भुकटी दिसायला निव्वळ काजळी, पण सेलचे आयुष्य पुष्कळसे तिच्यावर अवलंबून असते. वाहन सुरू किंवा बंद होताना ऑक्सिजनच्या बाजूचा विभव (विद्युतदाब) काही क्षण दीड व्होल्टच्या आसपास जातो, कार्बनचे ऑक्सिडीभवन होऊन तो झिजतो आणि आधार सुटलेले प्लॅटिनमचे कण निखळतात किंवा एकमेकांना चिकटून मोठे, म्हणजेच कमी उपयोगाचे होतात.

यावरचा एक आश्वासक उपाय म्हणजे कार्बनच्या जाळीत नायट्रोजनसारख्या मूलद्रव्याचे अणू बसवणे. अमोनियाच्या वातावरणात उच्च तापमानाला कार्बन तापवूनही हे साधते. असे अणू प्लॅटिनमच्या कणांना अधिक घट्ट धरून ठेवतात. परंतु त्यासोबत जाळीत दोष वाढले, तर तोच कार्बन लवकर झिजू शकतो. त्यामुळे प्रत्येक नमुना तपासल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही छातीठोकपणे सांगता येत नाही.

खरी अडचण इथेच आहे. पाच मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर उत्प्रेरकाच्या शाईचा एक थेंब वाळवून, ती पर्क्लोरिक आम्लात फिरवून घेतलेले आकडे शोधनिबंधांत दिमाखाने झळकतात (आणि अनुदानाच्या अर्जांतही); प्रत्यक्ष सेलमध्ये मात्र ते क्वचितच तसेच उतरतात. प्रचलित कसोटीत सेलला ०.६ ते ०.९५ व्होल्टदरम्यान विभव वर-खाली होण्याची ३०,००० आवर्तने सोसावी लागतात, ज्याला सुमारे ५० तास लागतात. आणि कार्बनच्या आधाराची परीक्षा १.० ते १.५ व्होल्टदरम्यान ५,००० आवर्तनांची, वेगळी घेतली जाते. त्यासाठी लागणारे चाचणी-यंत्र, वायूंचा शुद्ध पुरवठा आणि आर्द्रतेचे काटेकोर नियंत्रण रबाळे किंवा महापे येथील लहान उद्योजकाच्या आवाक्यातले नाही.

आपल्या राज्यात या विषयाचे जाणकार नाहीत, असे मुळीच नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी २०२० मध्येच हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली होती. म्हणून विनंती अशी, की एमआयडीसीच्या नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात अशा चाचण्यांसाठी एक सामायिक केंद्र उभारावे, लहान उद्योग आणि महाविद्यालयांना ते माफक शुल्कात खुले ठेवावे, आणि फसलेल्या नमुन्यांचे निष्कर्षही उद्योगाचे नाव न देता प्रसिद्ध करावेत. चाचणीनंतर उरलेल्या नमुन्यांतील प्लॅटिनम परत मिळवण्याची व्यवस्था त्याच आवारात असावी, अन्यथा तो महागडा धातू घातक कचऱ्याच्या पिंपात जाईल.

कळावे,

आपला विश्वासू,
महापे येथील एक रसायनतंत्रज्ञ