दुकानात स्नेअर वाजवू द्या

महोदय,

लेकीच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटसाठी दुकानदाराने ८ इंची रबरी स्नेअर पॅड (सेटमधल्या कडक आवाजाच्या मुख्य ड्रमच्या जागी वाजवायची थाळी) आमच्या गळ्यात मारलं. ती हेडफोन लावून वाजवायची, तरी दुसऱ्याच दिवशी खालच्या काकू वर आल्या : "मिरच्या कांडताय का?"

मग १२ इंची मेशचं, म्हणजे जाळीच्या पडद्याचं, आणलं. रोलँड या जपानी वाद्यकंपनीने १९९७ साली आणलेली ही जाळी. स्टिक खऱ्या स्नेअरसारखी उसळते, ठोकाही मऊ. पण रिमचा, म्हणजे कडेचा, 'टक' येईना. दोन दिवस पॅडला शिव्या घातल्या. दोष माझाच : रिमसाठी दोन सिग्नल नेणारी स्टिरिओ केबल लागते, मी गिटारची एकच सिग्नल नेणारी मोनो खुपसली होती!

दुकानांत पॅड नुसतं फळीवर मांडलेलं असतं. ते मॉड्यूलला (आवाज काढणाऱ्या डब्याला) जोडून, मध्यावर नि कडेवर वाजवू द्यायला काय हरकत आहे?

– एक ड्रमर-पिता, डोंबिवली