चिकाला जार पडायची वाट पाहू नका

संपादक महोदय,

आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरांच्या निगेबाबत मदत करणारी बाई म्हणून, काम करते. पावसाळ्यात गाई-म्हशी विऊ लागल्या की वासरांच्या हगवणीचे निरोप सुरू होतात. विचारपूस केली की बहुतेक घरी एकच गोष्ट पुढे येते. वासरू जन्मले तेव्हा घरातली म्हातारी माणसे म्हणाली होती, "जार पडू दे, मंग पाजू चीक." जार म्हणजे विल्यावर बाहेर पडणारी वार, आणि चीक म्हणजे विल्यावरचे पहिले घट्ट दूध. ही रीत मोडायलाच हवी, म्हणून हे पत्र.

गाई-म्हशीच्या पोटातल्या वासराला वारेतून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते. वासराचे आतडे ती शोषून घेते तेही पहिल्या 24 तासांतच, आणि तासागणिक ही ताकद कमी होत जाते. जार पडायला मात्र आठ-दहा तास सहज लागतात. तोवर वासरू ओल्या कोठ्यात शेणमुताने भरलेली कास, दावे, भिंत चाटत फिरते. जंतू आधी पोटात जातात आणि चीक मागून! वासरू आचळ ओढू लागले तर जार पडायला उलट मदतच होते. म्हणून कास कोमट पाण्याने धुऊन पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा. 20 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन-चार वेळा मिळून दोन लिटर तरी गेला पाहिजे. शेजाऱ्यांना खरवस त्यानंतर उरला तर. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, बसायची जागा कोरडी ठेवा. म्हशीच्या वगारीला दुधातूनच जंत होतात, तेव्हा दहा-पंधरा दिवसांची झाली की डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्या.

एवढे करूनही हगवण लागलीच, तर दूध तोडू नका. आमच्याकडे पहिले तेच करतात, आणि आजारी वासरू उपाशीही राहते. वासरू दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडले आहे. माणसांचे ओआरएसचे पाकीट एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात घाला आणि दोन दुधांच्या मधे थोडे थोडे पाजा. दिवसाकाठी दोन-तीन लिटर जाऊ द्या. पाजताना तोंड आभाळाकडे उचलू नका, पाणी फुप्फुसात जाते. माणसाच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. घाण आतच कोंडते.

वासराच्या तोंडात बोट घालून पाहा. ते बोट चोखत नसेल, तोंड आणि कान गार लागत असतील, किंवा शेणात रक्त असेल, तर घरगुती काही करत बसू नका. जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या क्रमांकावर फोन लावा किंवा थेट दवाखाना गाठा. त्याला सलाईन लागेल. रक्ती हगवणीचे औषधही वेगळे असते.

आमच्या भागातली गवळाऊ जातीची गाय आधीच कमी होत चालली आहे. तिची एकेक कालवड जगली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांनी ओआरएसची पाकिटे आणि टिंक्चर आयोडीन ठेवावे, ही त्यांना विनंती. दूध घालायला माणूस तिथे रोज दोन वेळा येतोच. आपणही शेतीच्या पानावर, गाई विण्याच्या हंगामाआधी, चिकाबद्दल ठळक अक्षरांत छापावे.

— एक पशुसखी,
ता. आर्वी, जि. वर्धा