कॅसिनो गावाला बस थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० जुलै जवळ आला की मला आमची इटलीची सहल आठवते. रोमहून पॉम्पेईला जाताना टूर मॅनेजरने डोंगरावरचा मठ दाखवला आणि "खिडकीतूनच फोटो काढा" म्हणाला. बस थांबली नाही. त्याच डोंगराखाली, कॅसिनो नावाच्या गावातल्या युद्धस्मारकावर रायगडमधल्या पळसगावच्या एका पोराचे नाव कोरले आहे, हे गाडीतल्या चाळीस मराठी माणसांपैकी कोणाला ठाऊक नव्हते. मलाही ते घरी आल्यावर कळले.

नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री. वय बावीस. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या तुकडीतले सगळे जवान मेले किंवा जखमी झाले. उरले एकटे घाडगे. ते सरळ त्या मशीनगनवर धावले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. हातातल्या टॉमीगनने, म्हणजे छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून सोट्यासारखी फिरवली आणि उरलेल्या दोघांना संपवले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गाठले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. तो १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला. कोकणातल्या खेड्यातल्या त्या तरुण विधवेला त्या दिवशी काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

"ते तर इंग्रजांच्या फौजेत होते," असे आमच्या कट्ट्यावर एकाने ऐकवलेच. असतील. ज्यांच्या गावांसाठी ही लढाई झाली, त्या इटालियनांना त्याची अडचण वाटली नाही. २०२३ मध्ये मोंतोने या त्यांच्या गावी त्यांनी घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. माणगावात त्यांचा पुतळा आहे; गणपतीला गावी जाताना आपण त्या गावातून जातो ते वडापाव खाऊन.

सहल कंपन्यांना एकच विनंती. रोम-नेपल्स रस्त्यावर कॅसिनोला तासभर वाट वाकडी करा. घाडगे यांची ज्ञात कबर नाही, म्हणून थडगी शोधत बसू नका. स्मारकाच्या भिंतींवर चार हजारांहून अधिक नावे पलटणींप्रमाणे लावली आहेत. आधी मराठा लाईट इन्फन्ट्री शोधा, म्हणजे घाडगे सापडतील.

– एक वाचक, महाड