पाण्याबरोबर तळचा गाळही तपासावा

महोदय,

नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की मेलेले मासे, फेस आणि दुर्गंधी यांचीच चर्चा होते. तळच्या गाळात आणि कुजत्या पानांवर जगणाऱ्या बुरशीचा उल्लेख क्वचितच होतो, आणि ही उपेक्षा मला फार गंभीर वाटते.

ओढ्यात पडलेल्या पानात बुरशीचे तंतू शिरतात आणि त्यातील सेल्युलोजसारखे चिवट घटक फोडू लागतात. काही आठवड्यांनी ते पान बोटांत धरले तर गर सुटून येतो आणि हाती नुसती शिरांची जाळी उरते. पाने कुरतडणाऱ्या अळ्यांना कोऱ्या पानापेक्षा बुरशीने असे मुरवलेले पानच अधिक मानवते, आणि त्या अळ्यांवर मासे पोसतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी १९४२ मध्ये या बुरशींच्या चार फाट्यांच्या बीजाणूंचे वर्णन केले. ओढ्यावरच्या फेसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते चांदण्यांसारखे विखुरलेले दिसतात. ज्याने ते एकदा पाहिले, त्याला ओढ्यातला पाचोळा पुन्हा केवळ कचरा वाटणार नाही.

तांबे, जस्त, कॅडमियम हे धातू गाळाच्या कणांना चिकटून बसतात, त्यामुळे वरचे पाणी नितळ झाले तरी विष तळाशी वर्षानुवर्षे राहू शकते. शेतातून वाहून येणारी अ‍ॅझोल गटातील बुरशीनाशके तर बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉलच तयार होऊ देत नाहीत, मग ती बुरशी पिकावरची असो वा ओढ्यातली. यातही फसवा भाग असा, की बीजाणूंची निर्मिती बहुधा आधी घटते, नाजूक प्रजाती नाहीशा होतात, पण सोशिक प्रजाती काही काळ काम रेटत राहिल्याने पाने कुजण्याचा वेग लगेच मंदावत नाही आणि बिघाड नजरेत येत नाही.

रसायनांच्या विषारीपणाच्या प्रमाणित चाचण्या मुख्यतः शैवाल, डाफ्निया नावाचे पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव आणि मासे यांच्यावर होतात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक निर्देशातही नद्यांच्या जैविक निकषांत बुरशीला स्थान नाही. जलतपासणी करणाऱ्या यंत्रणांनी गाळाचे नमुने नियमित घ्यावेत आणि त्यांतील बुरशीही तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जाळीच्या पिशव्यांत वजन केलेली वाळकी पाने भरून त्या प्रवाहात बांधायच्या, काही आठवड्यांनी काढून पाने वाळवायची, पुन्हा वजन करायचे आणि त्यांवरचे बीजाणू मोजायचे, एवढ्यानेही सुरुवात करता येईल.

आपला,
एक वाचक