प्राणवायूही मोजूनच द्यावा लागतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील प्राणवायूवरचा लेख मी त्याच दिवशी वाचला आणि रागाच्या भरात पत्र लिहू नये म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली. राग उतरलेला नाही, तरी लिहीत आहे. साठी उलटलेल्या प्रत्येकाने घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणारे यंत्र) आणावा, तो रात्रभर नाकाशी लावून झोपावे, प्राणवायू कितीही घेतला तरी बाधत नाही, असा जो सल्ला आपल्या लेखकाने दिला आहे, तो आमच्या घरात एकदा अमलात येऊन चुकला आहे. अमलात आणणारा मीच होतो.

माझ्या थोरल्या वहिनी एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी जन्मात विडी ओढली नाही. पण चाळीस पावसाळे भिजक्या लाकडांच्या चुलीपुढे बसून फुंकणी मारली, आणि त्यातून त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, जडला. डॉक्टरांनी घरी यंत्र लावायला सांगितले तेव्हा चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहिल्या होत्या: प्रवाह मिनिटाला एक लिटर आणि बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा, म्हणजे रक्त प्राणवायूने किती टक्के भरले आहे तो, आकडा ८८ ते ९२. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला ९० पेक्षा ९८ बरे वाटणारच. दोन वर्षांपूर्वी गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना वहिनींना धाप लागली, आकडा ८६ दिसला, आणि मी, म्हणजे नववीला विज्ञान शिकवलेल्या मास्तराने, यंत्राच्या काचेच्या नळीतली, प्रवाह दाखवणारी ती गोळी एकवरून पाचवर चढवली. दहा मिनिटांत ९८. मुंबईहून आलेल्या पुतण्याने त्या आकड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हात जोडले आणि आम्ही आरतीला उभे राहिलो.

रात्री वहिनी म्हणाल्या, “भावजी, माका झोप येता, उठवू नको.” पहाटे चहासाठी हाक मारली तर डोळे उघडेनात. तळहात गरम, चेहरा तांबूस, बोटे मधूनच फडफडत होती. ऑक्सिमीटर मात्र ९८ वरून हलला नव्हता. रुग्णालयातील तरुण डॉक्टरबाईंनी मी पुढे केलेल्या त्या आकड्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी प्रवाह उतरवला, मनगटाच्या धमनीतून रक्त घेतले आणि बायपॅपचा, म्हणजे दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मास्क चढवला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी पेज मागितली.

काय झाले होते ते मी नंतर समजून घेतले. अशा रुग्णाच्या फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट पोहोचत नाही, तिकडच्या रक्तवाहिन्या शरीर स्वतःच आवळून धरते. प्राणवायूचा मारा झाला की त्या सैल पडतात, रक्त नको तिथून फिरून येते आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड पूर्वीइतका धरून ठेवत नाही, आणि काहींचा श्वासही मंदावतो. साठलेल्या वायूची गुंगी चढते, आणि ऑक्सिमीटरला यातले काहीच दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अशाच रुग्णांवर रुग्णवाहिकांमध्ये केलेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात ४०५ रुग्ण होते. सरसकट जोराचा प्राणवायू मिळालेल्यांपैकी ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांपैकी ४ टक्के. आपल्या लेखकाला एवढे शोधता आले नसते असे नाही. (ज्यांना डॉक्टरांनी प्राणवायू सांगितला आहे त्यांनी माझे पत्र वाचून यंत्र बंद करू नये, ही विनंती. वहिनींना तो रोज पंधरा तास लागतोच.)

बाळापासून वृद्धापर्यंत सर्वांना प्राणवायू उपकारकच, असेही लेखात म्हटले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना १९४० च्या दशकात पेट्यांमध्ये ठेवून सढळ हाताने प्राणवायू दिला जाई, आणि त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब होऊन सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली. हे प्राणवायूमुळे होत असावे, हे मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले, तेव्हा कुठे हात आखडला. त्याही आधी, १८७८ साली, दाबाखालच्या प्राणवायूने प्राण्यांना झटके येतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी सिद्ध केले होते. आणि प्राणवायू शोधणाऱ्या ज्या प्रीस्टलीचा गौरव करून आपला लेख सुरू होतो, त्यांनीच १७७५ मध्ये शंका काढली होती की या वायूत मेणबत्ती जशी भराभर जळून संपते, तसा माणूसही लवकर संपायचा. हा वायू पुढेमागे चैनीची वस्तू होईल, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. लेखाशेजारच्या जाहिरातीत शहाळ्यासोबत पंधरा मिनिटांचे ‘प्राणवायू सत्र’ आहे, ते पाहून मला त्यांचीच आठवण झाली. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटांनी काही होत नाही, हे मान्य; पण त्याचे रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेले असताना त्याला मिळते तरी काय? आणि माडाच्या बागेत काय, दादरच्या पुलावर काय, हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. आमच्याकडे धूळ आणि धूर कमी, एवढेच.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याच पानावर तारकर्लीच्या पाणबुड्यांचे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर’ असे छापले आहे. त्या टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते, हे मालवणच्या धक्क्यावरचा कुठलाही पोरगा सांगेल. शुद्ध प्राणवायू घेऊन माणूस सहा मीटर, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन पुरुष खाली गेला, तरी त्याला झटके येऊन तो बुडण्याचा धोका असतो. ही चूक मी गेल्या वर्षीही कळवली होती. तेव्हा माझे पत्र अर्धे छापले गेले, आणि चुकीचा उल्लेख नेमका गाळलेल्या अर्ध्यात होता.

दुरुस्ती छापणार असाल तर ती आतल्या पानावर निविदांच्या खाली नको, पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात छापावी. वहिनी चष्मा लावून तेवढेच पान वाचतात. रविवारी दुपारी पडवीत बसून लेख संपवल्यावर त्यांनी मला विचारले की, पेपरातच दिले आहे तर यंत्र रात्रीचे पाचवर ठेवूया का. मी नाही म्हटले. पण त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा आपल्या पेपरावर जास्त आहे. तेव्हापासून बटण एकवर ठेवून त्यावर मी चिकटपट्टी लावली आहे. आज सकाळी तिचे एक टोक उचकटलेले दिसले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, आचरा (ता. मालवण)